लहान मुलांचे पालक आणि वेळेची खतावणी

वेळेच्या व्यवस्थापनावरील बहुतेक पुस्तके ज्या वाचकासाठी लिहिलेली असतात, त्याच्या घरात दोन वर्षांचे मूल नसते. तो वाचक पहाटे उठून दिवसाची यादी करू शकतो, दार लावून सलग दोन तास महत्त्वाच्या कामाला देऊ शकतो आणि ठरल्या वेळी झोपू शकतो. स्टीफन कव्ही यांनी १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या 'द सेव्हन हॅबिट्स ऑफ हायली इफेक्टिव्ह पीपल' या पुस्तकात 'महत्त्वाचे' आणि 'तातडीचे' या दोन कसोट्यांवर कामांची चार चौकटींत विभागणी मांडली. कार्यालयात ती उपयोगी पडते, यात संशय नाही. परंतु अंग तापलेले मूल, उतू जाणारे दूध आणि दारात हॉर्न वाजवणारा शाळेचा रिक्षावाला हे तिघेही एकाच चौकटीत एकाच क्षणी येऊन बसले, म्हणजे उरलेल्या तीन चौकटींचा विचार करण्यास कोणाला उसंत राहत नाही.

याचा अर्थ अशा घरात नियोजन व्यर्थ असते असा नव्हे. तेथील वेळेचे चलन मात्र निराळे असते. तो नोटांच्या कोऱ्या पुडक्याप्रमाणे एकगठ्ठा हाती येत नाही. सुट्या नाण्यांप्रमाणे दहा मिनिटे येथे, पंधरा मिनिटे तेथे असा येतो. शिवाय तो कोणा एकाच्या नावावर नसतो. आई आणि वडील यांचे ते संयुक्त खाते असते, आणि खाते संयुक्त असूनही व्यवहार मात्र एकाच सहीने चालू असतात, ही बहुसंख्य घरांतील स्थिती आहे. लहान मुलांच्या पालकांच्या वेळेचा विचार करायचा तर या दोन गोष्टींपासून सुरुवात करावी लागेल.

आधी रोजकीर्द, मग खतावणी

हिशेबनीस प्रथम रोजकीर्द लिहितो, खतावणी नंतर होते. वेळेच्या बाबतीत मात्र लोक एकदम अंदाजपत्रकच मांडू लागतात. सोमवारपासून सकाळी फिरायला जायचे, मुलाला रोज अर्धा तास गोष्ट सांगायची, असे संकल्प सोडले जातात आणि बुधवारी ते मोडतात. प्रत्यक्षात वेळ कोठे खर्च होतो याची नोंदच नसल्यामुळे तो कोठून काढायचा हे कळत नाही.

ही नोंद ठेवण्यास फार काही लागत नाही. एक साधी वही, तिच्यात दोन रकाने, एक आईचा व एक वडिलांचा, आणि अर्ध्या-अर्ध्या तासाचे टप्पे. आठवडाभर प्रत्येकाने आपला रकाना स्वतः भरायचा. दुसऱ्याचा भरायचा नाही. देशाच्या पातळीवर राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय 'वेळ वापर सर्वेक्षण' करते, त्याची रीतही अशीच आहे. पहाटे चार ते दुसऱ्या दिवशीच्या पहाटे चारपर्यंतचे चोवीस तास अर्ध्या तासाच्या टप्प्यांत विचारून घेतले जातात. असे पहिले देशव्यापी सर्वेक्षण २०१९ साली झाले, दुसरे २०२४ साली. २०१९ मध्ये घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, पुरुष ९७ मिनिटे. २०२४ मध्ये हेच आकडे २८९ आणि ८८ असे आले. १५ ते ५९ या वयोगटात घरातील माणसांची, म्हणजे मुख्यतः मुलांची व वृद्धांची, देखभाल करणाऱ्यांचे प्रमाण २०२४ मध्ये स्त्रियांत ४१ टक्के होते, तर पुरुषांत २१.४ टक्के, आणि अशी देखभाल करणारी स्त्री दिवसाला सुमारे १४० मिनिटे तर पुरुष सुमारे ७४ मिनिटे देत होता.

हे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही सरासरी ते काम करणाऱ्यांपुरती आहे. घरकामाला हातच न लावणारे पुरुष त्या ८८ मिनिटांच्या हिशेबात मुळीच नाहीत. तेही धरले तर सरासरी कितीतरी खाली येईल.

घरातील वहीचा हेतू देशाचा आकडा सिद्ध करणे हा नाही, किंवा आठवड्याच्या अखेरीस ती न्यायालयात पुरावा म्हणून सादर करणे हाही नाही. पण वही प्रामाणिकपणे लिहिली तर काही नोंदी दोघांनाही चकित करतात. सकाळचा मोजा शोधण्याचा कार्यक्रम रोज बारा मिनिटांचा असतो. कोपऱ्यावरच्या दुकानातील 'पाच मिनिटांच्या' तीन खेपा मिळून पाऊण तास होतो. रात्री मूल झोपल्यावर मोबाइल हाती घेतला तो सव्वा तास हातातच राहिला. आणि एका रकान्यात सलग अर्ध्या तासाची नोंद दिवसातून चार वेळा दिसते, तर दुसऱ्यात आठवडाभरात एकदाही दिसत नाही.

अगदी तान्ह्या बाळाच्या आईवडिलांनी मात्र हा उद्योग करू नये. नवजात बालक चोवीस तासांत आठ ते बारा वेळा दूध पिते. म्हणजे दोन-तीन तासांपलीकडे सलग काहीच उरत नाही, आणि रात्र व दिवस यांत बाळ फारसा भेदही करत नाही. त्या पहिल्या काही महिन्यांत व्यवस्थापन करण्यासारखी गोष्ट एकच, ती म्हणजे झोप. बाळाच्या आईला रोज एकदा तरी सलग चार तास झोप मिळावी यासाठी घरातील इतरांनी काय उचलायचे, एवढेच ठरवावे. इतर सर्व कामांना त्या काळात मुदतवाढ द्यावी.

संध्याकाळचे दोन तास

मूल दीड-दोन वर्षांचे झाले आणि आई पुन्हा नोकरीवर रुजू झाली, की वेळापत्रकाचा खरा प्रश्न सुरू होतो. डोंबिवलीत राहणारे आणि मुंबईत नोकरी करणारे एखादे दांपत्य डोळ्यांसमोर आणावे. आईचे कार्यालय फोर्टमध्ये. पावणेसहाला निघून सहाच्या सुमाराची जलद लोकल मिळाली, तर सव्वासातच्या आसपास ती डोंबिवलीला उतरते. पाळणाघरातून तीन वर्षांच्या मुलाला घेऊन घरी येईपर्यंत पावणेआठ. वडील आठला पोहोचतात. मुलाने किती वाजता झोपावे?

हा प्रश्न बहुतेक घरांत हिशेबाने सुटत नाही. मूल थकून जेव्हा झोपेल तीच वेळ ठरते. पण हिशेब सोपा आहे. बालझोपेचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी तज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली दिलेल्या शिफारशीनुसार तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारच्या झोपेसह १० ते १३ तास झोप हवी. एक ते दोन वर्षांच्या मुलाला ११ ते १४ तास. आता आईवडिलांना सकाळी पावणेआठला घर सोडायचे असेल, तर मुलाला पावणेसातला उठवावेच लागते. पाळणाघरात दुपारी ते दीड तास झोपते असे धरले, तर रात्री सव्वानऊला झोपलेल्या मुलाची एकूण झोप अकरा तास होते. तेच मूल रात्री अकराला झोपले, तर सव्वानऊ तासच भरतात, म्हणजे किमान मर्यादेपेक्षाही पाऊण तास कमी. मुलाची सकाळची चिडचिड, दुधाच्या पेल्यावरून रडारड, त्यात चुकलेली लोकल, कार्यालयात पडलेला उशिराचा शेरा, या सर्वांचे मूळ पुष्कळदा आदल्या रात्रीच्या त्या पावणेदोन तासांत असते.

म्हणजे सव्वानऊ ही वेळ मान्य केली, तर घरी आल्यापासून मूल झोपेपर्यंत हाती उरतो फक्त दीड तास; घर कार्यालयाच्या जवळ असेल तर दोन. आठवड्याच्या पाच दिवसांत आईवडील आणि मूल जागेपणी निवांत एकत्र असतात ते एवढेच. या काळात काय करायचे याचा विचार पुष्कळ पालक करतात. काय करायचे नाही, याचा विचार अधिक लाभदायक ठरतो. कपड्यांना इस्त्री, भाजी निवडणे, विजेचे बिल भरणे, नातेवाइकांना दूरध्वनी, कार्यालयातून आलेली ईमेल, ही सर्व कामे त्या दीड तासातून बाहेर काढली पाहिजेत. ती होणार नाहीत असे नाही; साडेनऊनंतर किंवा अन्य दिवशी होतील. त्या दीड तासात स्वयंपाकही केवळ फोडणी देण्यापुरता राहावा अशी पूर्वतयारी हवी. शनिवारी रात्री भिजवून मोड आणलेली मटकी, रविवारी करून ठेवलेले ओल्या नारळाचे वाटण, निवडून डब्यात भरलेली पालेभाजी, आंबवून ठेवलेले इडलीचे पीठ, यांचे मोल मंगळवारी रात्री आठ वाजता कळते.

पोळ्यांचा प्रश्न स्वतंत्र आहे. तीन-चार माणसांच्या पोळ्यांना कणीक मळण्यापासून ओटा पुसण्यापर्यंत पाऊण तास लागतो, म्हणजे त्या दीड तासाचा बरोबर निम्मा. डोंबिवली, ठाणे, पुणे येथे गल्लोगल्ली पोळी-भाजी केंद्रे उभी राहिली ती याच पाऊण तासावर. तरीही विकतच्या पोळीविषयी अनेक घरांत एक अढी असते, आणि गंमत अशी, की ती अढी पोळ्या न करणाऱ्यांच्या मनात अधिक असते. येथे सरळ जमाखर्च मांडावा. महिन्याकाठी पोळ्यांवर होणारा जादा खर्च एका बाजूला, आणि पाच दिवसांचे पावणेचार तास म्हणजे महिन्याचे जवळजवळ पंधरा-सोळा तास दुसऱ्या बाजूला. तेवढे तास मुलाच्या वाट्याला येणार असतील तर हा सौदा महाग नाही. ज्यांना तो परवडत नाही, किंवा घरची पोळीच हवी असा ज्यांचा आग्रह आहे, त्यांनी सकाळच्याच पोळ्या दुप्पट कराव्यात, अथवा आग्रह धरणाऱ्याने पोळपाट हाती घ्यावा.

स्वयंपाक होईपर्यंत मुलाच्या हाती मोबाइल देण्याची प्रथा आता सार्वत्रिक झाली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत दोन वर्षांखालील मुलांना पडद्यासमोर मुळीच बसवू नये व दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी ही मर्यादा दिवसाला एक तासाची असावी, कमी असल्यास उत्तम, असे सांगितले आहे. वेळेच्या दृष्टीने पाहिले, तरी ही उचल घेतलेली रक्कम आहे. आठ वाजता घेतलेली वीस मिनिटे नऊ वाजता मोबाइल काढून घेताना व्याजासह फेडावी लागतात. त्यापेक्षा मुलाला ओट्याखाली बसवून मटारच्या शेंगा सोलायला द्याव्यात. अर्धे मटार जमिनीवर जातील. चालतील.

मदत नव्हे, कार्यभार

आतापर्यंत जे सांगितले ते मिनिटांविषयी. परंतु लहान मुलांच्या पालकांचा, विशेषतः आईचा, थकवा केवळ मिनिटांचा नसतो. रोजकीर्दीत न येणारे एक काम तिच्याकडे चोवीस तास चालू असते. ते म्हणजे लक्षात ठेवण्याचे.

एका मुलामागे किती तारखा असतात, याची जंत्री करून पाहावी. जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आत. राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकाप्रमाणे जन्मतः बीसीजी, पोलिओ व कावीळ-ब, नंतर सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना लसी, नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला, सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान पुढील मात्रा, पाचव्या वर्षानंतर पुन्हा एक. बाल आधार काढलेले असल्यास वयाच्या पाचव्या व पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे व डोळ्यांची नोंद अद्ययावत करावी लागते. त्यात शाळाप्रवेशाच्या अर्जाची मुदत, पाळणाघराच्या सुट्टीचे दिवस, पालकसभा. आणि ज्यांना तारीखच नसते अशा गोष्टी: बूट लहान झाले, तापाचे औषध संपत आले, गेल्या आठवड्यापासून मूल डबा परत आणते आहे. हे सर्व एका डोक्यात असते, आणि ते डोके कार्यालयाच्या बैठकीतही ते विसरू शकत नाही.

अशा घरातील वडील आळशी असतात असे नव्हे. पुष्कळदा ते सांगितलेले प्रत्येक काम करतात. अडचण 'सांगितलेले' या शब्दात आहे. लसीची तारीख टळली, की संवाद ठरलेला असतो. "तू मला सांगायचं होतंस, मी नेलं असतं." हे वाक्य प्रामाणिकपणे उच्चारलेले असते, आणि म्हणूनच ऐकणाऱ्याला ते अधिक लागते. कारण काम करणे वाटले गेले, पण आठवण ठेवणे, वेळ काढणे आणि सांगणे हे काम जेथल्या तेथेच राहिले.

बँकेच्या कामकाजात यावर एक जुना उपाय आहे. एखादा अधिकारी रजेवर किंवा बदलीवर जातो, तेव्हा तो मागे राहणाऱ्याला 'जमेल तेव्हा थोडी मदत करा' असे सांगून जात नाही. तो कार्यभार देतो. किल्ल्या, नोंदवह्या, प्रलंबित प्रकरणे, कोणत्या ग्राहकाला काय कळवायचे राहिले आहे, हे सारे लिहून, सही करून सुपूर्द होते. त्या क्षणापासून चूक झाली तर जबाबदार नवा अधिकारी; आणि तितकेच महत्त्वाचे म्हणजे जुन्या अधिकाऱ्याने त्या टेबलाकडे डोकवायचे नसते.

घरात नेमके हेच करता येते. कामांचे तुकडे वाटण्याऐवजी संपूर्ण खाती वाटावीत. लसीकरण हे एक खाते. ते वडिलांकडे आले, तर कार्डावरील पुढची तारीख पाहणे, त्या दिवसाच्या अर्ध्या रजेचा अर्ज आठवडाभर आधी देणे, मुलाला नेणे, रात्री ताप आला तर उठणे, कार्डावरील नोंद तपासून ते फाइलमध्ये परत ठेवणे, हे सर्व त्या खात्यात आले. पाळणाघर हे दुसरे खाते: शुल्क, बदलीचे कपडे, मावशींशी बोलणे, सुट्टीच्या दिवशी पर्यायी सोय. कपड्यालत्त्याचे तिसरे, शाळेचे चौथे. कोणते खाते कोणाकडे जावे हे ज्याच्या त्याच्या कामाच्या वेळांवरून ठरेल. ज्याला शनिवारी सुट्टी आहे, त्याच्याकडे डॉक्टरांचे खाते सोयीचे. जो घरी आधी पोहोचतो, त्याच्याकडे पाळणाघराचे.

कार्यभार देणे हे घेण्याइतकेच अवघड असते, हेही सांगितले पाहिजे. वडिलांनी घातलेल्या वेणीचा भांग वाकडा पडतो, डब्यात सलग तीन दिवस पराठाच जातो, पाळणाघरात हिवाळ्यात पातळ सदरा दिला जातो. अशा वेळी आईने, आणि विशेषतः घरातील आजीने, ते टेबल पुन्हा आपल्याकडे ओढून घेतले, की कार्यभार संपला आणि मदत सुरू झाली. मुलाच्या प्रकृतीला किंवा सुरक्षिततेला धोका नसेल, तर वाकडा भांग वाकडाच राहू द्यावा. महिन्याभरात तो सरळ होतो. झाला नाही तरी शिक्षण अडत नाही.

काही बाबी मात्र कोणा एकाच्या खात्यात टाकण्यासारख्या नसतात. बँकेची तिजोरी दोन अधिकाऱ्यांच्या दोन किल्ल्यांशिवाय उघडत नाही. तशा या दुहेरी किल्लीच्या बाबी. मूल अचानक आजारी पडले तर रजा कोणी घ्यायची, हा त्यांतला सर्वांत कटकटीचा प्रश्न. तो पहाटे साडेपाचला, मुलाच्या कपाळावर हात ठेवून सोडवू पाहणाऱ्या घरांत रजा जवळजवळ नेहमी आईचीच पडते. कारण त्या घटकेला वाद घालण्याची शक्ती कोणाकडेच नसते. त्यापेक्षा आधीच ठरवून ठेवावे. पाळीपाळीने घ्यावी, अथवा महिन्याचा पहिला पंधरवडा एकाचा व दुसरा दुसऱ्याचा. एखाद्याचे लेखापरीक्षण किंवा वर्षअखेर असेल, तर तेवढ्यापुरती अदलाबदल करावी आणि ती पुढच्या महिन्यात परत फेडावी. मूल झाल्यानंतरच्या तीन-चार वर्षांत कितीतरी स्त्रिया चांगली नोकरी सोडतात. सोडण्याचा निर्णय एका दिवसाचा दिसतो. त्यामागे अशा पहाटेच्या एकतर्फी रजांची एक लांब यादी असते, आणि ती यादी कोणी कधी लिहून ठेवलेली नसते.

राखीव वेळ

जमा झालेली प्रत्येक ठेव कोणतीही बँक कर्जाऊ देऊन टाकत नाही. काही भाग रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवावा लागतो, काही सरकारी रोख्यांत. वेळापत्रकालाही असा राखीव निधी लागतो, आणि उत्साही पालक नेमके तेच विसरतात. सव्वासातची लोकल गाठायची म्हणून सात वाजून दहा मिनिटांपर्यंत प्रत्येक मिनिट वाटून टाकलेले असते. मग निघताना मुलाला शौचाला लागते आणि सगळा डोलारा कोसळतो. सकाळच्या वेळापत्रकात पंधरा मिनिटे कोणत्याही कामाच्या नावावर टाकू नयेत. ती बहुतेक दिवशी खर्च होतातच. एखाद्या दिवशी उरली, तर चहा गरम प्यायला मिळतो.

याहून मोठ्या राखीव निधीची आठवण मुंबईकरांना २६ जुलै २००५ या दिवसाने करून दिली. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. लोकल गाड्या थांबल्या, रस्ते पाण्याखाली गेले, दूरध्वनी व मोबाइल सेवा कोलमडल्या. असंख्य आईवडील कार्यालयांत, रेल्वेच्या डब्यांत, पुलांवर अडकले, आणि त्यांची मुले शाळांत, पाळणाघरांत, शेजाऱ्यांकडे राहिली. त्या रात्री ज्या घरांत आधी काही ठरलेले होते, तेथील काळजी निदान एका प्रश्नाने कमी होती.

हे ठरवायला अर्धा तास पुरतो. आईवडिलांपैकी कोणीच पोहोचू शकले नाही, तर मुलाला कोणाच्या स्वाधीन करायचे, अशा दोन व्यक्तींची नावे, छायाचित्रे व सहीचे पत्र पाळणाघरात आणि शाळेत देऊन ठेवावे. त्यांपैकी एक तरी चालत जाण्याच्या अंतरावर राहणारी असावी. घराची एक किल्ली तिच्याकडे असावी. दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहिलेले असावेत, कारण मोबाइलची बॅटरी संपली की पाठ असलेला क्रमांक बहुधा स्वतःचाच असतो. आणि ज्या शेजाऱ्यावर एवढा भार टाकायचा, त्याच्याशी एरवीही थोडे येणेजाणे ठेवावे. त्या येण्याजाण्यात गेलेली मिनिटे वहीत वाया गेलेल्या वेळेत मांडू नयेत.

आजी-आजोबांपासून दूर

नोकरीनिमित्त इंदूर, हैदराबाद, बंगळूर किंवा गुवाहाटी येथे गेलेल्या मराठी कुटुंबांना हा राखीव निधी शून्यापासून उभारावा लागतो. गावी आजी-आजोबा असतात. येथे समोरच्या दारावरील नावाची पाटीसुद्धा पुष्कळदा अनोळखी लिपीत असते. अशा कुटुंबांनी घर भाड्याने घेतानाच पाळणाघर, शाळा आणि कार्यालय यांच्यातील अंतर मोजावे. दोन खोल्यांऐवजी तीन खोल्या मिळतात म्हणून कार्यालयापासून दहा किलोमीटर दूर गेलेले कुटुंब ती तिसरी खोली रोजच्या दीड तासाने विकत घेत असते. बदलीच्या गावी पहिल्या महिन्यात महाराष्ट्र मंडळाचा पत्ता मिळवणे हे चांगलेच. पण रात्री दोन वाजता धावून येणारे शेजारी बहुधा स्थानिक असतात, हेही ध्यानात असावे.

आजी-आजोबा मुलाकडे राहायला आले, तर प्रश्न सुटला असे समजले जाते. सुटतो तो अर्धाच. पासष्टीच्या आजीने आठ तास दोन वर्षांच्या मुलामागे धावणे ही विनाशुल्क सेवा म्हणून गृहीत धरली जाते आणि तिच्या गुडघ्यांची नोंद कोणत्याच रकान्यात होत नाही. वहीत तिसरा रकाना काढावा. आठवड्यातील एक दुपार व एक संध्याकाळ आजीच्या नावावर राखून ठेवावी, त्या वेळी मूल तिच्याकडे नसावे.

नोकरदार पालकांनी आपल्या हक्कांचीही माहिती करून घ्यावी. २०१७ सालच्या दुरुस्तीने प्रसूती रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी, आणि विश्रांतीची वेळ धरून दिवसातून चार वेळा आईला तेथे जाऊ द्यावे, अशीही तरतूद त्यात आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत या तरतुदी कायम आहेत. पाळणाघराची सोय कोठे आहे हे मनुष्यबळ विभागाला विचारण्यास पुष्कळ स्त्रिया संकोच करतात. तो करू नये.

बँकेच्या खेपा

बँकेची कामे हा वेळेचा एक लहानसा पण हमखास वाचणारा भाग आहे. गृहकर्जाचा हप्ता, विम्याचा हप्ता, आवर्ती ठेव, पाळणाघराचे मासिक शुल्क, यांसाठी खात्यावर स्थायी सूचना एकदा देऊन ठेवली, की महिन्याकाठी चार-पाच आठवणी डोक्यातून उतरतात. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास व सर्व दिवस उपलब्ध असल्याने शाळेचे शुल्क रात्री दहालाही भरता येते. शाखेत जावेच लागेल अशी कामे, जसे लॉकर किंवा मुलाचे खाते उघडणे, एकाच खेपेत उरकावीत. सप्टेंबर २०१५ पासून दुसरा व चौथा शनिवार बँकांना सुट्टी असते, हे निघण्यापूर्वी आठवावे. मुलाला कडेवर घेऊन बंद दारापर्यंत आलेले ग्राहक आजही दिसतात. मुलगी दहा वर्षांची होण्यापूर्वीच सुकन्या समृद्धी खाते उघडता येते, त्यानंतर नाही. सबब ही तारीखही त्या जंत्रीत लिहून घ्यावी, आणि ती कोणाच्या खात्यात आहे हेही.

वेळापत्रक फार टिकत नाही याची तयारी मात्र ठेवावी. सहा महिन्यांत मुलाची दुपारची झोप कमी होते, जूनमध्ये शाळेची वेळ बदलते, आईची किंवा वडिलांची पाळी बदलते. म्हणून आठवड्यातून एकदा दोघांनी पंधरा मिनिटे बसून पुढच्या सात दिवसांवर नजर टाकावी: कोणाला उशीर होणार आहे, कोणती तारीख येते आहे, कोणते खाते कोणाला जड झाले आहे. त्यासाठी रविवारची रात्र, मूल झोपल्यानंतरची, सोयीची पडते. पंधरा मिनिटांत आटोपले नाही, तर उरलेले मुद्दे बुधवारवर ढकलावेत आणि झोपावे. सकाळी मुलाच्या शर्टाची गुंडी लावायला त्याला स्वतःला चार मिनिटे लागतात, आईने लावली तर दहा सेकंद. ती चार मिनिटे त्याची त्याला मिळावीत एवढा अवधी सोमवारी सकाळी हाताशी असला पाहिजे.